संपादकाकडून कादंबरी परत आलीय? मग या चुका टाळा, मी सगळ्या करून बसलेय

माझ्या कादंबरीचा खर्डा १ लाख १२ हजार शब्दांचा होता, छापून आली तेव्हा ८६ हजार. यात दीड वर्ष गेलं आणि त्यातले निदान सहा महिने निव्वळ माझ्या आगाऊपणामुळे गेले, म्हणून हे लिहितेय. पहिलंच पुस्तक असेल तर वाचा, दुसरं-तिसरं असेल तर तुम्ही यातलं बरंच ऑलरेडी भोगलेलं असणार.

थोडी पार्श्वभूमी. गोष्ट इचलकरंजीची, १९८२ सालची. मुंबईत १८ जानेवारीला गिरणी संप सुरू होतो, काही महिन्यांनी धाकटा काका गाशा गुंडाळून गावी येतो आणि थोरल्या भावाच्या चार यंत्रमागांच्या शेडमध्ये त्याला जागा करून द्यावी लागते. बस, एवढंच, जाहिरात करत नाहीये. प्रकाशकांनी दिलेले संपादक सत्तरीचे, मी त्यांना सर म्हणायचे. सर स्क्रीनवर वाचत नाहीत. प्रिंटआउट, पेन्सिल, समासात मुंगीएवढं अक्षर. आणि गठ्ठ्याबरोबर वेगळं नऊ पानी पत्र.

त्याच रात्री उत्तर देऊ नका

पार्सल संध्याकाळी आलं. रात्री साडेअकराला मी सरांना व्हॉट्सॲपवर एवढा मोठा मेसेज टाकला की तो 'रीड मोअर' करून उघडावा लागला असणार. प्रत्येक मुद्द्याला उत्तर. हे मुद्दाम केलंय, ते प्रतीकात्मक आहे, वाचकाला कळेल, माझ्या नवऱ्याला तर कळलं. (नवऱ्याला कळलं नव्हतं, त्याने १२० पानांनंतर सोडून दिलं होतं, हे मला नंतर समजलं.) सकाळी सरांचं एका ओळीचं उत्तर, "बाई, हे सगळं कादंबरीत असतं तर मी विचारलंच नसतं." म्हणजे मी जे जे मेसेजमध्ये समजावून सांगत होते ते पुस्तकात नव्हतंच, माझ्या डोक्यात होतं.

आता मी काय करते, तर पत्र एकदा वाचायचं, हातात पेन न घेता, आणि चार दिवस कपाटात. भांडायचंच असेल तर वहीत भांडायचं. पाचव्या दिवशी वहीतलं भांडण वाचलं की निम्म्या ठिकाणी आपल्यालाच लाजल्यासारखं होतं, उरलेल्या निम्म्यातलं काही खरंच भांडण्यासारखं निघतं, आणि फोन तेवढ्यासाठीच करायचा. मौज प्रकाशनाचे संपादक श्री. पु. भागवत लेखकांशी लांबलचक पत्रव्यवहार करायचे, एकेका हस्तलिखितावर दोन्हीकडून पत्रं जायची असं आपण ऐकत आलोय. पत्र पोचायला दोन-तीन दिवस लागत हा केवढा फायदा होता हे मला त्या व्हॉट्सॲपनंतर कळलं.

"हे काढा" म्हटलं की लगेच काढू नका, आणि लगेच "नाही काढणार" पण म्हणू नका

ही सगळ्यात महागात पडलेली चूक, म्हणून जरा सविस्तर.

सातव्या प्रकरणावर सरांनी आडवी रेघ मारून लिहिलं होतं, 'हे प्रकरण लागतं का?' ते प्रकरण आत्याचं. आत्या वीस वर्षं शेडमध्ये कांडीवर, म्हणजे कांड्यांवर सूत गुंडाळायला, बसलेली, मागांच्या खडखडाटात तिचे कान गेलेत. मी आधी चिडले, मग एकदम आज्ञाधारक झाले आणि पूर्ण प्रकरणच उडवलं. दुसरा खर्डा गेला. सरांचा फोन, "आत्या कुठे गेली?" मी म्हटलं तुम्हीच काढायला सांगितलंत. "मी विचारलं होतं, सांगितलं कुठे?"

मग ते पेन्सिलवालं पान परत काढून नीट बघितलं. त्या प्रकरणात पान ९६ वर माझं वाक्य होतं, 'इतक्या वर्षांच्या आवाजाने आत्याला आता जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते आणि त्यामुळे ती एकाकी पडली होती.' आणि समासात बारीक, 'पान ४१ पाहा.' पान ४१ वर काय होतं, तर आत्या स्वयंपाकघरात कुकरपाशी उभी आहे, शिट्टी ऐकू येत नाही म्हणून तळहात वाफेजवळ धरून शिट्ट्या मोजतेय, तीन झाल्या की गॅस बंद. बस. ते चार ओळीत झालं होतं आणि नंतर ९६ ला मी तेच परत समजावून सांगत बसले होते, चौदा पानं. प्रकरण लागतच होतं, त्यातलं समजावणं लागत नव्हतं. शेवटी चौदाची पाच पानं झाली.

तर संपादक बोट ठेवतो ते दुखऱ्या जागेवर, पण दुखणं कधीकधी पन्नास पानं आधीचं असतं. 'इथे कंटाळा आला' असं लिहिलं असेल तर ते पान घासत बसू नका, त्याच्या आधी काय काय सांगून झालंय ते बघा. आणि शेरा कळला नाही तर फोन करून एवढंच विचारायचं, "सर, वाचताना इथे नेमकं काय झालं?" उपाय विचारायचा नाही. सरांनी सुचवलेले उपाय, खरं सांगते, बरेचदा चालण्यासारखे नव्हते. पण जिथे त्यांनी पेन्सिल टेकवली तिथे काहीतरी बिघडलेलं होतंच, अपवाद अगदी दोन-तीन.

याच्याच जवळची एक गोष्ट. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली आला, तिथपासूनचा इतिहास मी दोन पानं ओतला होता, कारण मेहनत करून जमवलेला. सरांचा शेरा एका शब्दाचा, 'गॅझेटियर', म्हणजे सरकारी माहितीचं पुस्तक झालंय. काढला. अजून हळहळ वाटते.

नाव बदलताना फाइंड-रिप्लेस

हसू नका. नायिकेचं नाव रमा आणि काकाचं रमाकांत. घरात सगळे त्याला रमा म्हणून हाक मारणार ही मला लिहिताना शंकाही आली नाही. सर म्हणाले, दोघांतलं एक बदला, गोंधळ होतो. मी रमाची उमा करायचं ठरवलं, 'रिप्लेस ऑल' दाबलं, कॉम्प्युटरने ६०० च्या वर बदल केले आणि मी चहा करायला गेले.

काय झालं बघा. रमाकांतचा उमाकांत झाला, म्हणजे गोंधळ जसाच्या तसा. आजीच्या तोंडचा 'परमार्थ' झाला 'पउमार्थ'. आणि जिथे जिथे 'रमेच्या', 'रमेला' होतं ते तसंच राहिलं, कारण तिथे 'रमा' हे अक्षर नाहीच. म्हणजे एकाच परिच्छेदात उमा उठते आणि रमेच्या डोळ्यांत पाणी येतं.

आपल्या भाषेत नावाला सामान्यरूप आहे, म्हणजे प्रत्यय लागताना नावच बदलतं, त्यामुळे हे इंग्रजीसारखं एका बटणात होत नाही. 'फाइंड नेक्स्ट' करत एकेक बघत जायचं, 'रमा' साठी एकदा, 'रमे' साठी एकदा, दोन संध्याकाळी जातात, जाऊ द्यात. अजून एक गंमत, 'दुसऱ्या'तलं ऱ्या दोन पद्धतीने टाइप होतं, दिसायला डिट्टो सेम, पण सर्च एकाला पकडतो आणि दुसऱ्याला सोडतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करून घेतला असेल तर हे हमखास सापडतं, 'तऱ्हा'ची 'तर्हा' झालेलीही दिसते. शब्द सापडत नाही म्हणजे तो फाईलमध्ये नाही असं समजू नका.

केले की केलं

माझी पहिली तीन प्रकरणं 'तिने दार उघडले' मध्ये होती आणि चौथ्यापासून 'उघडलं' सुरू. का? कारण मध्ये दोन वर्षं मी लिहायचं थांबले होते. सरांनी नुसतं विचारलं, "निवेदन कोण करतंय? आधी कोणीतरी शिक्षक आणि नंतर घरातलंच माणूस असं वाटतं." मी म्हटलं, हे तर प्रूफरीडर करेल. नाही करू शकत! सगळे 'गेले' बदलून 'गेलं' करता येत नाहीत, 'काका गेले' पण असतंच की पुस्तकात. प्रत्येक वाक्याला कर्ता बघावा लागतो. आणि मुळात निवेदकाचा आवाज ठरवणं हे लेखकाचं काम. शुद्धलेखनाचे नियम १८ आहेत, १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४, पण त्यातला एकही तुमच्यासाठी हे ठरवून देणार नाही.

बोलीचं तर विचारूच नका. माझी आजी एकाच पानावर 'न्हाई', 'नाय' आणि 'नाही' तिन्ही म्हणत होती. मी ठासून सांगितलं की आमच्याकडे लोक असंच मिसळून बोलतात, जे खरंही आहे. सर म्हणाले, "बोलतात हो, पण वाचणाऱ्याला ती चूक वाटते, बोली नाही." मग एक वही केली. आजी आणि आत्या 'न्हाई', काका मुंबईत राहून आलेला म्हणून 'नाय', शाळेत जाणारी उमा घरात 'न्हाई' पण मास्तरांसमोर 'नाही'. हे ठरवल्यावर एक गोष्ट आपोआप झाली जी मी योजलीच नव्हती. शेवटच्या भांडणात काकाच्या तोंडून एकदम 'न्हाई' निघतं. एवढ्या एका शब्दावर सरांनी समासात बरोबरची खूण केली होती. अख्ख्या ३४० पानांत अशा चारच खुणा होत्या, मी मोजल्या.

त्याच वहीत प्रत्येकाचं जन्मसाल, घराची दारं कुठल्या बाजूला, कोण कोणाला काय हाक मारतं हे पण लिहा. पहिल्या खर्ड्यालाच लिहा, मी पाचव्याला लिहिलं.

तारखा आणि चंद्र

अनंत चतुर्दशीच्या रात्री विसर्जन करून येताना 'मिट्ट काळोखात' एक महत्त्वाचा प्रसंग घडतो. सरांनी लिहिलं, 'उद्या पौर्णिमा ना?' अरे देवा. भाद्रपद शुद्ध चतुर्दशी, आकाशात जवळजवळ पूर्ण चंद्र. आयुष्यभर गणपती बसवले आणि हे डोक्यात आलं नाही. शेवटी ढग आणले, पावसाळाच आहे म्हटल्यावर चालून गेलं.

दुसरी चूक त्याहून भारी. १९८२ मध्ये काका चौकातल्या पिवळ्या बोर्डाच्या एसटीडी बूथवरून मुंबईला फोन लावतो. ते बूथ गावोगाव दिसायला लागले ते नंतर, सी-डॉट या ज्या सरकारी दूरसंचार संस्थेचं नाव त्याच्याशी जोडलं जातं ती संस्थाच १९८४ ची. मी बूथ काढून ट्रंक कॉल टाकला. आणि ट्रंक कॉल म्हटल्यावर नंबर बुक करून थांबणं आलं, ऑर्डिनरी की अर्जंट, अर्जंटला पैसे जास्त, खिशात मोजकेच. काका बाकावर दोन तास बसून राहतो, शेजारी एक अनोळखी म्हातारी तिच्या मुलाच्या कॉलची वाट बघतेय, आणि याचा नंबर लागतो तेव्हा हा उठून जातो, बोलतच नाही. आधीच्या खर्ड्यात तो फोनवर दीड पान रडत होता. आता लोक भेटले की त्याच प्रसंगाबद्दल बोलतात. म्हणून तारखेची चूक दाखवली की नुसती तारीख खोडून मोकळे होऊ नका, त्या काळात ते काम कसं व्हायचं ते शोधा, त्यात बरंच सापडतं.

थोडक्यातल्या काही

खर्डा एकाच वेळी संपादकाला आणि पाच मित्रांना देऊ नका. मी दिला, पाच जणांनी पाच वेगवेगळे शेवट सुचवले आणि महिनाभर मी एक ओळ लिहू शकले नाही. फाईलच्या नावात 'फायनल' हा शब्द वापरू नका, तारीख टाका. काढलेला मजकूर डिलीट न करता वेगळ्या फाईलमध्ये ठेवा, परत लागत नाही, पण कापताना हात थरथरत नाही.

नाही कधी म्हणायचं

सगळंच ऐकायचं असंही नाही. कांडी, धोटा, वहिफणी, जॉबर हे शब्द पुण्यामुंबईच्या वाचकाला कळणार नाहीत म्हणून तळटीपा द्या असं सर म्हणाले. मी नाही म्हटलं. कारण द्यावं लागतं बरं का, 'मला नाही आवडत' चालत नाही. मी म्हटलं, उमा पाच वर्षांची असताना शेडमध्ये पहिल्यांदा जाते, तिलाही हे शब्द माहीत नाहीत, तिच्या डोळ्यांनी दाखवते, तरी कळलं नाही तर टीप देऊ. दोन पानं नव्याने लिहिली, धोटा, म्हणजे आडवं सूत घेऊन मागात इकडून तिकडे धावतो तो, तिच्या अंगावरून उडून जातो तो प्रसंग. सर म्हणाले ठीक, टीप नको.

प्रूफ हे पुनर्लेखन नव्हे

पानं लागून प्रूफ आलं की पहिल्यांदाच आपलं लिखाण छापल्यासारखं दिसतं आणि हात शिवशिवतात. मी एका प्रकरणात अख्खा परिच्छेद घातला. पुढची सगळी पानं सरकली, प्रकरणाच्या शेवटी तीन ओळींचं एक पान उरलं, आणि पुस्तक १६ पानांच्या फॉर्मच्या (एका कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या) हिशोबात बसवलेलं असतं, शेवटच्या फॉर्मात जागाच नव्हती. डीटीपी करणाऱ्या, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावणाऱ्या दादांनी शांतपणे फोन करून विचारलं, "मॅडम, एवढ्याच ओळी दुसरीकडून काढून देता का?" दिल्या काढून. प्रूफला बदल करायचाच असेल तर जेवढी अक्षरं घालाल तेवढीच त्याच परिच्छेदातून काढा, आणि प्रूफ किती वेळा मिळणार ते आधीच विचारून ठेवा, मला वाटलं होतं तीनदा, मिळालं दोनदा. दुसऱ्या प्रूफमध्ये मी फक्त एकच शोध घेतला, 'पउमा'. दोन सापडले.