अंबड-सातपूरला इंटरव्ह्यू आहे? जायच्या आधी एवढं वाचून घ्या

अंबड आणि सातपूर ह्या नाशिकच्या एमआयडीसी. मी बारा वर्षं अंबडमधल्या एका छोट्या कंपनीत क्वालिटीला आहे, गाड्यांचे पार्ट बनवतो आम्ही, आणि गेली चारेक वर्षं इन्स्पेक्शन आणि प्रॉडक्शनसाठी मुलं-मुली घ्यायची असली की टेबलाच्या पलीकडे मलाही बसवतात. आयटीआयवाले, डिप्लोमावाले, बीई झालेले, सगळे येतात. एक गोष्ट सारखी बघतोय म्हणून लिहायला बसलो. ज्यांना काम येतं त्यातले निम्मे तरी काम न सांगताच परत जातात, पाठ केलेलं इंग्लिश सांगतात, "आय ॲम हार्डवर्किंग अँड सिन्सिअर" सांगतात, आणि स्वतःच्या हातांनी काय केलंय ते पोटातच राहतं, आणि आम्हाला खरं तर तेच ऐकायचं असतं.

तर तयारीची सुरुवात तिथून करा. एक वही घ्या आणि आत्तापर्यंत जे जे केलंय ते साध्या मराठीत लिहून काढा, कॉलेजचा प्रोजेक्ट, अप्रेंटिसशिप, मामाच्या वर्कशॉपमध्ये सुट्टीत केलेलं काम, काहीही चालेल. फक्त प्रत्येक गोष्टीला आकडा लावा. "सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) काम केलं" हे काहीच नाही झालं. "टर्निंग सेंटरवर होतो, शिफ्टला २०० पीस निघायचे, सायकल टाइम दोन मिनिटांचा, दर दहाव्या पीसला डायमीटर चेक करून शीटवर लिहायचो, इन्सर्ट (कापणारं टोक) झिजला की ऑफसेट (मशीनमधली मापाची दुरुस्ती) मी स्वतः द्यायचो", हे काम आहे. हे ऐकलं की समोरचा माणूस पुढे सरकून बसतो, कारण त्याला पुढचा प्रश्न सुचतो, आणि तो प्रश्न तुमच्याच कामातला असतो. इंटरव्ह्यू आपल्या गल्लीत आणायचा म्हणजे हेच.

गॅप असला तर घाबरून लपवू नका. आपल्याकडे निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडची बरीच मुलं एखादं वर्ष घरची द्राक्षबाग बघतात, आणि इंटरव्ह्यूमध्ये त्या वर्षाबद्दल खाली मान घालून "घरीच होतो सर" म्हणतात. अहो, एक्स्पोर्टची बाग सांभाळली असेल तर फवारणी कुठल्या तारखेला केली, कुठलं औषध, किती प्रमाण, काढणीच्या किती दिवस आधी बंद केली, सगळ्याची नोंद ठेवावी लागते, सॅम्पल रेसिड्यू टेस्टिंगला (औषधाचा अंश राहिलाय का बघायला) जातं, त्यात काही जास्त निघालं तर माल अडकतो. आमच्या क्वालिटीत ह्याला ट्रेसेबिलिटी म्हणतात आणि ती शिकवायला आम्हाला सहा महिने लागतात. गोडी छाटणीला (फळ धरण्यासाठीच्या छाटणीला) किती मजूर होते, त्यांची कामं कोण वाटायचं, हेही सांगा. ते वर्ष वाया गेलेलं नाही, ते नीट सांगितलं पाहिजे.

आता एक प्रसंग सांगतो. आम्ही टेबलावर एक गोल शाफ्ट, त्याचं ड्रॉइंग आणि एक साधा व्हर्निअर (माप घ्यायची सरकती पट्टी) ठेवतो आणि म्हणतो, डायमीटर बघून सांगा ओके आहे का. ड्रॉइंगवर २५ च्या पुढे छोटा एच आणि ७ लिहिलेलं असतं, म्हणजे साइज २५.००० ते २४.९७९ मिलिमीटरच्या मध्ये पाहिजे. ह्या सुटीला टॉलरन्स म्हणतात, इथे ती २१ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे २१ हजारांश. बहुतेक जण पटकन व्हर्निअर उचलतात, जॉब (म्हणजे तो शाफ्ट) पकडतात, "२४.९८ सर, ओके" म्हणून मोकळे होतात. मागच्या वर्षी निफाडकडची एक मुलगी आली होती, आयटीआय झालेली, अनुभव काही नाही. तिने आधी खिशातला रुमाल काढून व्हर्निअरचे जॉ (जबडे) पुसले, मग जॉबही पुसला. जॉ बंद करून उजेडाकडे धरलं आणि झिरो जुळतो का बघितलं. मग एकदा मोजलं, जॉब पाव फेरा फिरवून परत मोजलं, दुसऱ्या टोकाला जाऊन परत. मग थोडी थांबून म्हणाली, "सर, २४.९८ च्या आसपास येतंय, पण टॉलरन्सच २१ मायक्रॉनचा आहे आणि ह्या व्हर्निअरचा लीस्ट काउंट (सगळ्यात लहान मोजता येणारं माप) २० मायक्रॉन, ह्यावर ओके म्हणता नाही येणार, मायक्रोमीटर मिळेल का?" तिचं इंग्लिश जेमतेम होतं. पण त्यानंतर आम्ही तिला दुसरं काही विचारलंच नाही, कधीपासून येऊ शकाल एवढंच विचारलं.

म्हणून टेक्निकलची तयारी करताना शंभर प्रश्नांची पीडीएफ पाठ करण्यापेक्षा ज्या पोस्टसाठी जाताय तिथली चार हत्यारं आणि चार कागद नीट बघा. इन्स्पेक्शनला जाताय तर व्हर्निअर, मायक्रोमीटर, बोअर गेज, गो-नोगो, आणि ड्रॉइंग वाचणं. सीएनसी ऑपरेटरसाठी जी शून्य-शून्य आणि जी शून्य-एकमधला फरक, एम शून्य-तीन म्हणजे काय, ऑफसेट कसा देतात, मशीन अलार्मला गेलं तर आधी काय करणार. क्वालिटी इंजिनिअरला सेव्हन क्यूसी टूल्सची (क्वालिटी तपासायच्या सात पद्धतींची) नावं नाही, एक तरी टूल कुठे वापरलं ते विचारतात. अकाउंट्स किंवा ऑफिसच्या पोस्टलाही तेच, टॅली येतं का म्हणजे जीएसटीची एंट्री करून दाखवा, एक्सेल येतं का म्हणजे व्हीलुकअप लावून दाखवा, बरेच जण तिथेच समोर लॅपटॉप ठेवतात.

आणि जे येत नाही त्याला "हो येतं" म्हणू नका. हे मी स्वतः केलंय. पहिल्याच इंटरव्ह्यूत मला सीएमएम (प्रोबने जॉब मोजणारं मशीन) येतं का विचारलं, मी कॉलेजच्या व्हिजिटमध्ये ते मशीन फक्त लांबून बघितलं होतं, तरी हो म्हणालो. पुढचाच प्रश्न आला की जॉब मोजायच्या आधी प्रोब कशावर कॅलिब्रेट करतात, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. साधा रेफरन्स बॉल असतो, तेवढं सांगायचं होतं. वाईट ह्याचं वाटलं की त्याच्या आधीची माझी सगळी उत्तरं खरी होती, पण त्या एका "हो"नंतर समोरच्यांनी तीही संशयानेच धरली, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आता मी त्या बाजूला बसतो तेव्हा कळतं की "नाही सर, हातात घेतलेलं नाही, पण मायक्रोमीटर आणि हाइट गेजवर केलंय, शिकून घेईन" असं म्हटलं की आम्ही मनात टिक करतो, कारण हा माणूस खराब पीसही लपवणार नाही.

ह्याचाच पुढचा प्रश्न म्हणजे हातून चूक कधी झाली का. नाही म्हणू नका, कोणाचाच विश्वास बसत नाही. चूक काय झाली, किती पीस गेले, कोणाला आधी सांगितलं, आणि परत होऊ नये म्हणून काय बदललं, ह्या चार गोष्टी सरळ सांगितल्या की झालं.

भाषेचं टेन्शन खूप जण घेतात. नाशिकमधल्या बऱ्याच प्लांटमध्ये इंटरव्ह्यू मिक्सच होतो, एचआर इंग्लिश-हिंदी, प्रॉडक्शनचे साहेब मराठी. स्वतःची ओळख मात्र दोन-चार वाक्यं इंग्लिशमध्ये स्वच्छ सांगता आली पाहिजे, नाव, गाव, शिक्षण, आत्ता काय करतो. नंतर अडकलात तर गप्प बसू नका, "सर, हे मराठीत सांगितलं तर चालेल का?" असं विचारा. मी आजपर्यंत कोणाला नाही म्हटलेलं नाही. घरी आरशासमोर नका बोलू, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका, कुठे घाई होते ते लगेच कळतं, ताई किंवा भावाला समोर बसवून प्रश्न विचारायला लावलं तर अजून चांगलं.

आता पत्ता. ह्यात लोक दरवर्षी मार खातात. एमआयडीसीत नुसता प्लॉट नंबर पुरत नाही, आधीचं अक्षर बघा, एकच नंबर वेगवेगळ्या अक्षरांचा वेगवेगळ्या रोडला निघतो. सिन्नरला बोलावलं असेल तर एमआयडीसी माळेगावला आहे की मुसळगावची सहकारी वसाहत आहे हे फोनवर विचारून घ्या, दोन्ही वेगळ्या ठिकाणी आहेत. आणि माळेगाव ऐकून पॉवरलूमच्या मालेगावची गाडी पकडू नका, ते नाशिकपासून शंभर किलोमीटरच्या वर, वेगळ्याच दिशेला. जमलं तर आदल्या दिवशी एक चक्कर मारून गेट बघून या. नाशिकरोडहून सातपूरला यायचं तर सकाळी द्वारकाला किती वेळ जाईल सांगता येत नाही, अंबडला येणाऱ्यांना पाथर्डी फाट्यावर तेच. सिटीलिंकने येणार असाल तर एक बस आधीची धरा. रिक्षावाल्याला कंपनीचं नाव माहीत नसतं, जवळची मोठी कंपनी किंवा सर्कल सांगा.

गेटवर काय होतं हे पहिल्यांदा जाणाऱ्याला कोणी सांगत नाही. सिक्युरिटी रजिस्टरमध्ये नाव लिहून घेते, आधार बघते, आणि बऱ्याच प्लांटमध्ये मोबाइल तिथेच जमा करतात नाहीतर कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. म्हणजे मोबाइलमधला रिझ्युमे, एचआरचा नंबर, सगळं गेटवरच राहिलं. म्हणून रिझ्युमेच्या तीन प्रिंट, मार्कशीटच्या झेरॉक्स, दोन फोटो आणि ज्यांना भेटायचंय त्यांचं नाव-नंबर कागदावर घ्या. ओरिजिनल दाखवायला घ्या पण कोणाकडे ठेवायला देऊ नका. पावसाळ्यात फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि जादाचे मोजे बॅगेत. कपडे साधे, इस्त्रीचे, बूट बंद, तेवढं बस.

प्लांट दाखवायला नेलं तर तो इंटरव्ह्यूचाच भाग समजा. पिवळ्या पट्ट्यांच्या आतून चाला, गॉगल दिला तर डोक्यावर नाही डोळ्यांवर लावा, विचारल्याशिवाय मशीनला किंवा जॉबला हात लावू नका. आमचे प्लांट हेड कायम मागून चालतात, का ते आता कळलं असेल.

पगाराचं बोलणं आलं की तिथे सगळ्यात जास्त फसगत होते म्हणून जरा हिशोबच करतो. समजा सांगितलं सीटीसी (म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) महिना २०,६००. त्यात ग्रॉस (कटिंगच्या आधीचा पगार) १८,०००, त्यातला बेसिक १२,०००. बाकीचं म्हणजे कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,४४०, ईएसआयसी (कामगार विमा) ३.२५ टक्क्यांनी ५८५, आणि ग्रॅच्युइटीचे ५७७ च्या आसपास. हे तुमच्या हातात येत नाहीत. ग्रॉसमधून तुमचा पीएफ १,४४०, ईएसआयसी ०.७५ टक्क्यांनी १३५ आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की हातात १६,२२५. मुलींना २५,००० पर्यंत प्रोफेशनल टॅक्स नाही, त्यांना १६,४२५. कॅन्टीन आणि बसचं कटिंग वेगळं. म्हणून "इन हँड किती आणि काय काय कटतं?" हे सरळ विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि त्याहून मोठा प्रश्न, मी कोणाच्या पे-रोलवर असणार? कंपनीच्या की कॉन्ट्रॅक्टरच्या? गेटवर मोठं नाव असतं आणि पगाराच्या स्लिपवर दुसरंच, हे जॉइन झाल्यावर कळून उपयोग नाही. शिफ्ट कशा फिरतात, बस कुठून आहे, मुलींसाठी रात्रीच्या शिफ्टची ने-आण कशी आहे, हेही तेव्हाच.

"तुम्हाला काही विचारायचंय?" असं म्हणतात तेव्हा "नो सर" म्हणून उठू नका. पहिले तीन महिने मला कोणत्या लाइनवर टाकणार, ट्रेनिंग कोण देणार, ह्या पोस्टवर सगळ्यात जास्त अडचण कशात येते, असं काहीतरी खरंच जाणून घ्यायचं असेल ते विचारा.

रजिस्ट्रेशन, युनिफॉर्म, डिपॉझिट, असं काहीही नाव सांगून नोकरीआधी पैसे मागितले की तिथून निघा. चांगली कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही, मोठ्या कंपनीच्या नावाचं लेटर व्हॉट्सॲपवर आलं तर आधी त्या कंपनीच्या गेटवर जाऊन विचारा.

इंटरव्ह्यू झाला की त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेसेज किंवा मेल, भेटायला वेळ दिला म्हणून आभार आणि पोस्टचं नाव. मग आठवडाभर थांबा. फोन करायचा तर सकाळी नको, तेव्हा सगळे प्रॉडक्शन मीटिंगमध्ये असतात, साडेअकरानंतर करा. नाही झालं असेल तर "कशात कमी पडलो सर?" एवढं विचारा, सगळे सांगत नाहीत पण जे सांगतात ते खरं सांगतात, आणि ते त्याच वहीत लिहून ठेवा. आणि झालं असेल तर तोंडी शब्दावर जुनी नोकरी सोडू नका, ऑफर लेटर मेलवर येऊ द्या, त्यावर कंपनीचं नाव, हुद्दा, पगाराचा ब्रेकअप आणि जॉइनिंगची तारीख नीट वाचा, आपला नोटीस पिरियड त्या तारखेत बसतो का मोजा, आणि मगच राजीनामा टाइप करायला बसा.