परदेशातून गाडीचे पार्ट मागवताय? शिपिंग आणि कस्टम ड्युटीच्या या चुका टाळा

यामाहा आरडी ३५० मोटरसायकल वाले, जुन्या जावा-येझदी वाले, लॅम्ब्रेटा स्कूटर वाले, सगळ्यांची गोष्ट साधारण एकच असते. पुण्यात नाना पेठेतली दुकानं पालथी घालून झाली, मुंबईत कुर्ल्याला विचारून झालं, पार्ट एकतर मिळत नाही किंवा मिळतो तो डुप्लिकेट, मग रात्री मोबाईलवर थायलंडचा नाहीतर यूकेचा सेलर सापडतो आणि किंमत बघून वाटतं की हे तर परवडतंय की. ऑर्डर जाते, पार्सल मुंबईत उतरतं आणि मग ड्युटी भरायचा मेसेज येतो तेव्हा पोटात गोळा येतो. यातला बराचसा खर्च ऑर्डर करायच्या आधीच कळू शकतो, बऱ्याच वेळा कमीही होऊ शकतो, पण त्यासाठी हिशेब आधी करायला लागतो, नंतर नाही.

लिस्टिंगवरची किंमत हीच किंमत धरणं

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. ड्युटी फक्त पार्टच्या किमतीवर लागते असं समजतात. तसं नाहीये, ती पार्टची किंमत अधिक शिपिंग अधिक इन्शुरन्स यावर लागते. त्यावर आधी बेसिक ड्युटी, मग त्या ड्युटीच्या १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, आणि मग या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी. म्हणजे टॅक्सवर टॅक्स चढत जातो.

एक उदाहरण करून बघू. पिस्टन किट आणि रीड व्हॉल्व्ह मिळून २०० डॉलरचं सामान, कुरिअरचे ६० डॉलर, हिशेब सोपा जावा म्हणून डॉलर ९० रुपये धरू. सामान झालं १८,००० आणि शिपिंग ५,४००. आता इथे एक नियम आहे जो बऱ्याच जणांना माहीत नसतो, माल विमानाने आला तर ड्युटीच्या हिशेबात शिपिंग मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत. म्हणजे तुम्ही ५,४०० भरले असले तरी ड्युटीसाठी ३,६०० च धरायचे. इन्शुरन्सचा वेगळा आकडा नसेल तर १.१२५ टक्के धरतात, ते झाले साधारण २०२ रुपये. एकूण २१,८०२. बेसिक ड्युटी १५ टक्के धरली तर ३,२७०, सरचार्ज ३२७, आणि या सगळ्यावर १८ टक्के आयजीएसटी म्हणजे ४,५७२. ड्युटी झाली ८,१६९ रुपये. १८,००० चा माल घरात येईपर्यंत ३१,५०० च्या पुढे गेला, आणि यात कुरिअर कंपनीची स्वतःची फी अजून धरलेलीच नाही.

ती फी वेगळी असते हे लक्षात ठेवा. कुरिअरवाले तुमच्या वतीने ड्युटी आधी भरतात आणि त्याबद्दल चार्ज लावतात, त्यावर परत जीएसटी. क्रेडिट कार्डचं फॉरेन करन्सी मार्कअप पण असतं, बऱ्याच कार्डांना साडेतीन टक्क्यांपर्यंत. पोस्टाने मागवलं तर ही कुरिअरची फी वाचते, मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या फॉरेन पोस्ट ऑफिसात कस्टमचं काम होतं आणि ड्युटी पोस्टमन डिलिव्हरीच्या वेळी घेतो, फक्त वेळ जास्त लागतो. छोट्या, हलक्या, घाई नसलेल्या पार्टला मी तरी पोस्टच सांगेन.

दर मात्र जुन्या व्हिडिओवरून धरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या पार्टवर जीएसटी १८ टक्के झालाय, त्याआधी बहुतेक पार्टवर २८ होता, त्यामुळे त्याआधीचे बहुतेक हिशेब आता चुकीचे आहेत. दुसरं म्हणजे स्वतःच्या वापरासाठी मागवलेलं पार्सल कुरिअरवाले बऱ्याचदा ९८०४ या वेगळ्या हेडिंगखाली (हेडिंग म्हणजे मालाच्या प्रकाराचा कस्टमचा कोड) टाकतात आणि त्याचा दर पार्टच्या दरापेक्षा वेगळा असतो. काही वर्षांपूर्वी त्याखाली ३५ टक्के बेसिक, त्यावर सरचार्ज आणि २८ टक्के आयजीएसटी धरून ७७.२८ टक्के लागायचे! बजेटमध्ये हे दर बदलत राहतात, म्हणून ऑर्डर करायच्या दिवशी ताजा दर बघा आणि कुरिअरला आधीच विचारा की पार्सल कुठल्या हेडिंगखाली क्लिअर करणार.

वजन बघितलं, खोकं नाही बघितलं

सायलेन्सर, फेअरिंग, बंपर, व्हायझर, सीट यांच्या शिपिंगला लोक फसतात ते इथे. कुरिअर कंपन्या खरं वजन आणि खोक्याच्या आकाराचं वजन यातलं जे जास्त असेल ते लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. आरडीच्या एक्स्पान्शन चेंबरची (टू-स्ट्रोक सायलेन्सरची) जोडी समजा ७ किलोची आहे आणि सेलरने ११० बाय ३५ बाय २५ च्या खोक्यात टाकली, तर बिल लागणार १९ किलोच्या वर. तीच जोडी उलटसुलट ठेवून १०० बाय ३० बाय २० मध्ये बसवली तर १२ किलो. सात किलोचा फरक फक्त पॅकिंगमुळे पडला. म्हणून सेलरला पैसे देण्याआधी एक मेसेज टाका की खोक्याची मापं काय आणि यापेक्षा लहान खोक्यात बसेल का, चांगला सेलर सांगतो. जो सांगत नाही त्याच्याकडून मोठा पार्ट घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.

"गिफ्ट लिहून पाठव" सांगणं

हे कृपा करून बंद करा. १२ डिसेंबर २०१९ पासून पोस्टाने किंवा कुरिअरने गिफ्ट म्हणून माल आणायलाच बंदी आहे, सूट फक्त जीवरक्षक औषधांना आणि राख्यांना. पूर्वी ५,००० रुपयांपर्यंतची गिफ्ट फ्री यायची, तो सल्ला अजून फिरतोय आणि लोक अजून त्यावर चालतायत. कार्बोरेटरवर गिफ्ट लिहिलं की पार्सल स्वतःहून अधिकाऱ्याच्या डोळ्यावर येतं.

किंमत कमी लिहायला सांगणं त्याहून वाईट. २०० डॉलरच्या किटवर २० डॉलर लिहिलं तर अधिकारी ऑनलाईन किंमत बघू शकतो, तुमच्याकडे पेमेंटचा पुरावा मागू शकतो, जाहीर केलेली किंमत नाकारू शकतो, आणि चुकीची माहिती दिली म्हणून माल जप्त होऊन वर दंड लागू शकतो. शिवाय पार्सल हरवलं तर इन्शुरन्स पण २० डॉलरचाच मिळणार.

उलट इन्व्हॉइस जितकं स्वच्छ तितकं पार्सल लवकर सुटतं. नुसतं "मोटरसायकल पार्ट" लिहिलेलं इन्व्हॉइस म्हणजे कस्टमच्या क्वेरीला आमंत्रण. पार्टचं नाव, कुठल्या गाडीचा, पार्ट नंबर, नग किती, एका नगाची किंमत, नवीन आहे हे स्पष्ट, कुठल्या देशात बनला, आणि शिपिंग वेगळ्या ओळीत, एवढं सेलरकडून लिहून घ्या.

सगळे पार्ट एकाच कोडखाली टाकणं

गाडीला लागतो म्हणजे तो गाडीचा पार्ट असं कस्टम मानत नाही. मोटरसायकलचे पार्ट ८७१४ मध्ये, कारचे ८७०८ मध्ये हे बरोबर, पण पिस्टन आणि कार्बोरेटर ८४०९ मध्ये जातात, इग्निशन कॉइल ८५११, हेडलाईट ८५१२, बेअरिंग ८४८२, रबरी ऑईल सील ४०१६. दर वेगवेगळे असू शकतात, त्यामुळे एका खोक्यात दहा प्रकारचे पार्ट येत असतील तर इन्व्हॉइसवर प्रत्येकाची वेगळी ओळ पाहिजेच.

जे येऊच शकत नाही किंवा अडकतं ते मागवणं

जुने वापरलेले पार्ट, म्हणजे जपानमधून हाफ-कट (अर्धी कापलेली गाडी) नाहीतर स्क्रॅपयार्डमधलं इंजिन, यावर लोकांचा फार जीव असतो आणि स्वस्तही दिसतात. पण सेकंड हँड माल आणायला डीजीएफटीचं, म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाचं, ऑथरायझेशन लागतं, ते नसेल तर माल अडकतो, दंड भरून सुटला तर सुटला. टायर पण असेच, जून २०२० पासून कार, स्कूटर, मोटरसायकलचे नवीन टायर आणण्यावर निर्बंध आहेत. एअरबॅग, सीट बेल्ट प्रीटेन्शनर, लिथियम बॅटरी, गॅस भरलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर हे विमानासाठी धोकादायक मालात मोडतात, तिकडचा कुरिअरवालाच परत पाठवतो किंवा जास्तीचे पैसे घेतो. वापरलेल्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचा वास जरी राहिला तरी तीच गत.

आणि ग्रुपने मिळून मागवणं. चार मित्रांनी एकाच्या नावाने सारखीच चार किट मागवली की शिपिंग वाचतं खरं, पण कस्टम विचारणार की एका माणसाला चार किट कशाला, हा धंद्याचा माल आहे, आयईसी नंबर (आयात-निर्यात करणाऱ्याचा कोड) दाखवा. स्वतःच्या वापराला आयईसी लागत नाही, विकायला आणलं तर लागतो.

समुद्रमार्गे स्वस्त पडेल असं गृहीत धरणं

बॉडी पॅनल, दरवाजे, पूर्ण इंजिन असलं काही असेल तर समुद्र बरोबर आहे, पण सेलरने सांगितलेलं भाडं हे न्हावा शेवा बंदरापर्यंतचं असतं. पुढे टर्मिनल हँडलिंग, डिलिव्हरी ऑर्डर, सीएफएसचे (बंदराजवळच्या कंटेनर गोदामाचे) चार्जेस, कस्टम ब्रोकरची फी, ट्रक. आणि माल कितीही छोटा असो, भाडं बहुतेक वेळा कमीत कमी एक घनमीटरचं लागतं. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टमकडे द्यायचा फॉर्म, वेळेत भरलं नाही तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये लेट फी लागू शकते, ड्युटी उशिरा भरली तर वर्षाला १५ टक्के व्याज, जागेचं भाडं वेगळं. म्हणून जहाज निघायच्या आधी इथल्या ब्रोकरकडून सगळ्या चार्जेसचं लेखी कोटेशन घ्या, जहाज पोचल्यावर ब्रोकर शोधत बसू नका.

पार्सल अडकलंय, आता काय

आधी केवायसी, म्हणजे ओळखीची कागदपत्रं, बघा, बऱ्याच वेळा तेवढंच कारण असतं. आधारवरचं नाव आणि पार्सलवरचं नाव जुळत नाही, सेलरच्या अकाऊंटला टोपणनाव टाकलेलं असतं, झालं, थांबलं. पेमेंटचा स्क्रीनशॉट, इन्व्हॉइस आणि लिस्टिंगची लिंक एका फोल्डरमध्ये तयार ठेवा आणि क्वेरी आली की त्याच दिवशी उत्तर द्या.

ड्युटी जास्त वाटली तर लगेच भरून मोकळे होऊ नका, लगेच भांडूही नका. बिल ऑफ एंट्रीची कॉपी मागा. त्यात तीन गोष्टी तपासा: किंमत आणि करन्सी बरोबर आहे का, विमानाचं शिपिंग २० टक्क्यांच्या वर तर धरलं नाही ना, आणि कोड कुठला लावलाय. चूक दिसली तर क्लिअर व्हायच्या आधी कुरिअरला ईमेल करा, कारण एकदा क्लिअर झालं की ६० दिवसांच्या आत अपील करायची वाट उरते आणि छोट्या रकमेला ती कोणालाच परवडत नाही.

चुकीचा पार्ट आला तर बसवून बघायच्या नादात त्याला पाना लावू नका. न वापरलेला माल दोन वर्षांच्या आत परत पाठवला तर भरलेल्या ड्युटीतले ९८ टक्के परत मागता येतात, पण तोच माल आहे हे कागदावर सिद्ध करायला लागतं. खरं तर इथेही ऑर्डरच्या आधीचं काम महत्त्वाचं, आपल्याकडे भारतात बनलेल्या राजदूतच्या आरडीला पुढे ड्रम ब्रेक होता आणि बाहेरच्या आरडीला डिस्क, त्यामुळे "आरडी ३५० ला बसतो" एवढ्यावर विश्वास ठेवून पुढच्या चाकाचं सामान मागवलं तर ते बसणार नाही. पार्ट नंबर जुळवा, जुन्या पार्टची मापं व्हर्नियरने घेऊन सेलरला पाठवा.

आणि "तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, या यूपीआयवर पैसे टाका" असा फोन आला तर टाकू नका. ट्रॅकिंग नंबर कुरिअरच्या स्वतःच्या साईटवर किंवा अ‍ॅपवर टाका, ड्युटी बाकी असेल तर तिथेच दिसते आणि तिथूनच भरायची.