जुना ग्रास कटर घेतलात तर तो धड कसा करायचा

गणपती गेले की आपल्याकडे कोकणात वाडीवाडीत ग्रास कटरचा, म्हणजे खांद्याला अडकवून रान कापायच्या पेट्रोल मशीनचा, आवाज सुरू होतो. दसरा दिवाळीच्या मागेपुढे आंबा-काजूतलं रान काढलं नाही तर ते उभ्याउभ्या वाळतं, आणि मग मार्च-एप्रिलात कुठूनतरी ठिणगी पडली की वणव्यात हाती आलेली कलमं जातात, म्हणून हे काम टाळून चालतच नाही. गडी मिळत नाहीत, नवीन मशीनला पैसे घालायचे नसतात, मग माणूस जुनं बघतो. लांजा, राजापूर, कणकवली कुठेही विचारा, कोणाच्या ना कोणाच्या पडवीत एक बंद मशीन पडलेलं असतंच. माझं ठाम मत आहे की यातली बरीचशी खराब झालेली नसतात, गेल्या वर्षीचं पेट्रोल आत राहून अडकलेली असतात, आणि ती घरच्या घरी चालू होतात. फक्त घेताना दोन गोष्टी नीट बघायच्या.

पहिली गोष्ट, इंजिनचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब. मशीन बंद असताना चालू करायची दोरी सावकाश ओढा, एका जागी चांगला दाब लागला पाहिजे आणि तो पार करायला जोर लावावा लागला पाहिजे. दोरी लोण्यासारखी सरळ आली तर सोडून द्या. टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑईल मिसळून चालणारं) असेल तर मालकाला विचारून सायलेन्सरचे दोन स्क्रू काढा आणि त्या भोकातून पिस्टन बघा, बाजू गुळगुळीत असेल तर उत्तम, उभे ओरखडे असतील तर ते ऑईलशिवाय चालवलेलं आहे आणि त्यात पैसे घालू नका, कितीही स्वस्त देत असला तरी. आणि बघायला जाल तेव्हा सायलेन्सरला आधी जपून हात लावून बघा, गार पाहिजे. आधीच गरम करून ठेवलेलं मशीन एका ओढीत चालू होतं, त्यावरून काही कळत नाही.

दुसरी गोष्ट, खालचा गिअर. प्लगची टोपी काढा, हातमोजा घालून ब्लेड धरून वरखाली हलवा. थोडासा खेळ चालतो, पण खडखड वाजलं किंवा फिरवताना कुठे अडकलं तर बेअरिंग गेलंय. ते बदलता येतं, पण किंमत तेवढी कमी करून घ्या.

घरी आणल्यावर आधी टाकीतलं सगळं जुनं पेट्रोल काढून टाका, थोडंसं बरं वाटलं तरी ठेवू नका. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवेत ओल किती असते ते सांगायला नको. त्याच पेट्रोलने रबरी पाईप कडक नाहीतर चिकट होतात, टाकीतला फिल्टर बुजतो, आणि कार्बोरेटरमधला (जिथे पेट्रोल आणि हवा मिसळते तो भाग) पातळ पडदा आखडतो. म्हणून पाईप, फिल्टर आणि ठिसूळ झाला असेल तर पेट्रोल ओढायला दाबायचा रबरी फुगा पण एकदम बदला, हे सगळं स्वस्त असतं. कार्बोरेटर खोलून क्लीनर स्प्रेने बारीक भोकं साफ करा, तार घालू नका, भोक मोठं झालं की परत कधी नीट चालत नाही. पडदा हाताला कडक लागला तर किट आणा, नवीन पडदा कापडासारखा मऊ असतो. नेहमीच्या साध्या मशीनचा अख्खा कार्बोरेटर पण फार महाग नसतो, त्यामुळे तासन्‌तास झुंजत बसण्यापेक्षा तो बदलणं कधीकधी शहाणपणाचं.

प्लग काढा, ओला काळा असेल तर ब्रशने साफ करा, टोकांमधली गॅप ०.६ ते ०.७ मिमी ठेवा. खरं तर नवीनच घाला. एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुवून पूर्ण वाळवा, मग दोन थेंब ऑईल लावून पिळून बसवा. चालू होतं पण जोर येत नाही अशी तक्रार असेल तर सायलेन्सरच्या तोंडाशी जाळी असते ती बघा, कार्बनने बुजलेली असते. आणि दहा-पंधरा मिनिटं चालून बंद पडत असेल तर टाकीचं झाकण सैल करून परत चालू करून बघा, झाकण उघडताना सुस्स आवाज आला तर टाकीला हवा जायची वाट बंद आहे, बाकी इंजिनला काही झालेलं नाही.

पेट्रोल-ऑईलचं माप मशीनवर किंवा पुस्तकात असतं तेच पाळा. २५:१ म्हणजे १ लिटरला ४० मिली, ५०:१ म्हणजे २० मिली. अंदाजाने ओतू नका, मेडिकलमध्ये मापाचा कप मिळतो तो वापरा, आणि महिन्याभरात संपेल एवढंच मिसळा. होंडा जीएक्स३५ सारखं फोर-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑईल घालायचंच नाही, इंजिनमध्ये वेगळं घालायचं, जेमतेम १०० मिली मावतं, म्हणून रोज सकाळी पातळी बघायची, एवढंसं ऑईल कमी व्हायला वेळ लागत नाही.

चालू झालं की ॲक्सिलरेटर सोडून बघा, ब्लेड थांबलं पाहिजे. फिरत राहिलं तर आयडलचा स्क्रू थोडा सैल करा, तरी फिरलं तर क्लचची स्प्रिंग गेली आहे, ती बदलल्याशिवाय रानात जायचं नाही.

ग्रीस हा भाग लोक विसरतात आणि गिअर तिथेच जातो. गिअरच्या बाजूला एक बोल्ट असतो, तो काढून लिथियम ग्रीस भरा, ब्लेड हाताने फिरवत फिरवत, साधारण २०-२५ तासांच्या कामाला एकदा. ठासून भरू नका, गरम झालं की सील फोडून बाहेर येतं. पाईपमधला शाफ्ट निघत असेल तर त्याच्या दातांना पण लावा.

ब्लेडचा नट उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतो, उगाच दुसरीकडे जोर लावून आटे मोडू नका. गंजला असेल तर रात्रभर डिझेलमध्ये भिजू द्या, किनाऱ्याजवळच्या गावात हे हमखास लागतं. नुसत्या गवताला तीन पात्यांचं ब्लेड, रानमोडी-घाणेरीच्या झुडपांना ८० दातांचं, गडग्याच्या (दगडी बांधाच्या) कडेला आणि कातळावर नायलॉनची दोरी. कलमाच्या बुंध्याशी मात्र दोरी पण नको, कोवळी साल सोलून निघते, तिथे विळाच बरा. ब्लेडची सगळी पाती कानसने सारखीच घासा, एक बाजू हलकी झाली की मशीन थरथरतं आणि बेअरिंग खातं. जांभ्यावर आपटून चीर गेलेलं ब्लेड वेल्डिंग करून कधीही वापरू नका, ते तुकडे होऊन उडतं. जाड बुंधा ब्लेडच्या डाव्या बाजूने कापा, उजव्या पुढच्या कोपऱ्याने टेकवलं तर मशीन झटका देऊन अंगावर येतं. डोळ्यावर चष्मा, पायात गमबूट पाहिजेतच, खडे तर उडतातच पण गवतात फुरसं (विषारी साप) पण असतं. आणि १५ मीटरच्या आत कोणी नको, पोरं तर मुळीच नको.

काम संपलं की ठेवताना टाकी रिकामी करा आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे कार्बोरेटर पण कोरडा होतो. टू-स्ट्रोकचा प्लग काढून चमचाभर टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑईल आत घाला, दोरी दोनदा हळू ओढा, प्लग लावा. ब्लेड काढून तेलाचा हात फिरवून ठेवा. मशीन पडवीत टांगा, जमिनीच्या ओलीपासून वर, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, आत घाम धरतो आणि बाहेरच्यापेक्षा जास्त गंज चढतो, जुनी चादर टाकलीत तरी पुरे.