लिलावातून संगणकाचे सुटे भाग घेण्यापूर्वी

ऑनलाइन लिलावात ग्राफिक्स कार्ड किंवा प्रोसेसर स्वस्तात मिळतो हे खरे असले, तरी तो स्वस्त का आहे याचा शोध बोली लावण्याआधीच घ्यावा लागतो. पुण्यातल्या ग्राहकाने हा शोध तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारापासून सुरू करावा. तोच किंवा त्याच तोडीचा भाग नवा, पक्क्या बिलासह आणि वॉरंटीसह कितीला पडतो, हे दोन-तीन दुकानांत विचारून घ्यावे. ईबे या लिलावाच्या कंपनीचे भारतीय संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाल्यापासून अशा लिलावातला विक्रेता बहुधा परदेशी असतो. त्यामुळे वाहतूक खर्च, सीमाशुल्क आणि आयजीएसटी (आयात मालावरचा जीएसटी) हे सारे बोलीच्या रकमेत मिळवूनच तुलना करावी. वॉरंटी भारतात चालेल असे गृहीत धरू नये. एवढे करूनही नव्या मालापेक्षा भरीव बचत होत नसेल, तर तो आतबट्ट्याचा व्यवहार समजून सोडून द्यावा.

बचत होत असेल, तर आपली कमाल रक्कम कागदावर लिहावी आणि ती एकदाच नोंदवावी. ईबेसारख्या ठिकाणी यंत्रणा स्वतःच त्या मर्यादेपर्यंत गरजेपुरती बोली वाढवत नेते. शेवटच्या मिनिटाला इरेला पेटून आकडा वाढवणाऱ्यांच्या जिवावरच पुष्कळ विक्रेते जगतात, आणि काही जण तर आपल्याच माणसांकरवी खोट्या बोल्या लावून घेतात. विशेषतः एकच नवखे खाते त्याच विक्रेत्याच्या वस्तूंवर वारंवार बोली लावताना दिसले, तर तिथून बाहेर पडावे.

जुन्या बाजारात वस्तू निदान उलटीपालटी करून पाहता येते. इथे वर्णन आणि फोटो एवढेच हाती असते. म्हणून वर्णनात काय लिहिलेले नाही, तेही वाचावे. ‘तपासलेले नाही’ या शब्दांचा अर्थ माझ्या मते बहुतेक वेळा ‘तपासले आणि चालले नाही’ असाच घ्यावा, कारण महागडे कार्ड विकणाऱ्याकडे ते लावून पाहण्यापुरता संगणक नसेल हे पटण्यासारखे नाही. सीरियल नंबर, सोनेरी संपर्कपट्टी आणि पंख्यांचे जवळून काढलेले फोटो मागावेत. शेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी असावी. टाळाटाळ झाली, तर बोली लावू नये.

सर्वांत जास्त फसवणूक ग्राफिक्स कार्डांत होते. इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग, म्हणजे ग्राफिक्स कार्डांवर अखंड गणिते करून चलन कमावणे, सप्टेंबर २०२२ मध्ये थांबल्यावर महिनोन्‌महिने अखंड चाललेली असंख्य कार्डे बाजारात आली. मायनिंगमध्ये वापरलेले कार्ड वाईटच असते असे नाही, परंतु त्याचे पंखे आणि थर्मल पॅड (चिपची उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) बदलण्याचा खर्च धरावा लागतो. खरा धोका बनावट कार्डांचा आहे. जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआय यांसारख्या फार जुन्या कार्डाचा बायॉस (कार्डाची ओळख सांगणारा आतला प्रोग्राम) बदलून ते जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकले जाते आणि विंडोजलाही ते नाव खरे वाटते. जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम मात्र पुष्कळदा अशा कार्डाच्या नावाआधी ‘फेक’ असा शिक्का दाखवतो. महागड्या कार्डांत तर मुख्य चिप आणि मेमरी काढून घेऊन नुसता सांगाडा विकल्याची उदाहरणे आहेत.

हार्ड डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या प्रोग्रामचा स्क्रीनशॉट मागावा आणि त्यात ०५ व सी५ या ओळी पाहाव्यात. डिस्कचे खराब झालेले किंवा वाचताना अडणारे सेक्टर (माहिती साठवण्याचे छोटे कप्पे) तिथे मोजले जातात आणि दोन्ही ओळींच्या ‘रॉ व्हॅल्यू’ रकान्यात शून्य असणे इष्ट. वापराचे तास पुसून शून्यावर आणता येतात, त्यामुळे ‘नवी’ म्हणवणाऱ्या डिस्कच्या बाबतीत त्या आकड्यावर विसंबू नये. एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटमध्ये बसणाऱ्या प्रोसेसरच्या बुडाला १३३१ पिना असतात आणि त्या वाकलेल्या असू शकतात, तेव्हा खालचा फोटो हवाच. एएमडीचेच काही एपिक आणि रायझन प्रो प्रोसेसर पहिल्या कंपनीच्या मदरबोर्डला कायमचे बांधलेले असतात आणि दुसरीकडे सुरूच होत नाहीत. सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम घरगुती मदरबोर्डवर चालत नाही. ती स्वस्त दिसते ती त्यामुळेच. एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) मात्र लिलावात मुळीच घेऊ नये: आतले कपॅसिटर किती थकले आहेत हे बाहेरून कळत नाही आणि एसएमपीएस बिघडला तर इतर भागही सोबत नेतो.

पैसे संकेतस्थळाच्या व्यवस्थेतूनच द्यावेत. ‘आधीच्या ग्राहकाने माघार घेतली, तुम्हाला देतो’ असा निरोप व्हॉट्सॲपवर आला आणि सोबत क्यूआर कोड असला, तर तो स्कॅन करू नये. पैसे परत करतो म्हणून कोणी पिन टाकायला सांगितला, तर लक्षात ठेवावे: पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसगत झालीच, तर तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन करावा.

पार्सल उघडताना पत्त्याचे लेबल, न फोडलेली चिकटपट्टी आणि आतील वस्तूचा सीरियल नंबर एकाच सलग व्हिडिओत यावा. तपासणी त्याच आठवड्यात उरकावी: रॅमसाठी मेमटेस्ट हा तपासणीचा प्रोग्राम रात्रभर चालवावा, ग्राफिक्स कार्डावर अर्धा तास पूर्ण भार टाकावा. दोष आढळल्यास परताव्याच्या मुदतीत संकेतस्थळावरच तक्रार नोंदवावी. विक्रेता ‘अर्धे पैसे पाठवतो, तक्रार मागे घ्या’ असे म्हणाला, तरी रक्कम खात्यात जमा होईपर्यंत ती मागे घेऊ नये, कारण एकदा बंद केलेली तक्रार सहसा पुन्हा उघडता येत नाही.