जुन्या अँबॅसेडर-फियाटच्या सस्पेन्शनला कुठलं हत्यार घ्यायचं

सोलापुरात जुन्या गाड्या अजून बऱ्याच जणांनी जपून ठेवल्यात, पण काम काढताना हाताला येईल तो पाना लावतात आणि तिथंच घोळ होतो. आधी एवढं बघा की नट इंची आहे का एमएमचा. जुन्या अँबॅसेडरची मूळ गाडी इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, त्यामुळं तिचे बरेच नट इंची आहेत, फियाट इटलीची म्हणून एमएम. मधल्या मिस्त्रीनं बोल्ट बदलला असेल तर काहीही निघू शकतं म्हणून प्रत्येक नटाला पाना लावूनच बघायचं. 9/16 म्हणजे 14.29 एमएम, 14 चा पाना बसत नाही आणि 15 चा ढिला बसतो. मी मे महिन्यात भर दुपारी घाईघाईत 15 चाच लावला, पहिल्याच झटक्यात नटाचे कोपरे गोल झाले, शेवटी छिन्नीनं फोडून काढावा लागला. गंजलेल्या नटाला सहा कोनाचीच गोटी (सॉकेट) घ्या, बारा कोनाची घसरते, आणि आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा.

फियाटला पुढं कॉइल स्प्रिंग असते, तिला चांगला स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार) लागतोच, तारेनं बांधून काढायचा नाद करू नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जातो. दोन्ही हुक समोरासमोर लावा आणि आलटून पालटून थोडं थोडं पिळा, हातानंच, इम्पॅक्ट गन नको. जुन्या अँबॅसेडरला पुढं टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) असतो, तिथं हा कॉम्प्रेसर काही कामाचा नाही, फक्त ताण सोडून बार काढायच्या आधी बार आणि लिव्हरवर रंगानं खूण करा, नाहीतर परत बसवताना गाडीची उंची एका बाजूला कमी-जास्त होते.

टायरॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा) काढायला ठोकायचा फोर्क वापरला की रबराचं बूट फाटतं, एंड परत वापरायचा असेल तर पुलर म्हणजे ओढून काढायचं हत्यारच घ्या, नट पूर्ण न काढता दोन आटे अडकवून ठेवून.

नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका, घोड्या (जॅक स्टँड) लावा.

मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) रबर बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उतरल्यावरच फायनल टाइट करा, हवेत केले तर बुश पिळून लवकर फाटतं. पाटे अ‍ॅक्सलला धरून ठेवणाऱ्या यू-बोल्टला टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना) लावा, दोन्ही बाजू सारख्या. मग एकदा अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जाऊन या आणि घरी आल्यावर तेच यू-बोल्ट परत चेक करा, नवे पाटे बसले की हमखास थोडे ढिले होतात.