मीट प्लांटमध्ये काम करताय? या चुका टाळा

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड, न्यू साउथ वेल्सच्या लहान लहान गावांतल्या कत्तलखान्यांत फिजी, सामोआ, व्हानुआटू, तिमोरची बरीच पोरंपोरी पाम स्कीमवर (पॅसिफिक बेटं आणि तिमोरच्या लोकांना ऑस्ट्रेलियात काम देणारी सरकारी योजना) काम करतात, काहीजण तर थेट 4 वर्षांसाठी. घरी पैसे पाठवायचे असतात, व्हिसा त्या मालकाशीच बांधलेला, म्हणून दुखलंखुपलं तरी बोलत नाहीत आणि मग छोटं दुखणं मोठं होतं.

सगळ्यात घातक चूक म्हणजे ताप आला की फ्लू समजून गोळी घेणं. तो क्यू फिव्हर, म्हणजे जनावरांपासून होणारा ताप, असू शकतो. त्याचा जंतू गुराढोरांच्या, शेळ्यामेंढ्यांच्या लघवीतून, विताना पडणाऱ्या वारेतून धुळीत मिसळतो आणि श्वासातून आत जातो, त्यामुळे "मी तर लाँड्रीत आहे, मला काय होतंय" असं म्हणून चालत नाही. लागण झाल्यावर साधारण 2-3 आठवड्यांनी जोरात ताप, घाम, असह्य डोकेदुखी. डॉक्टरला कत्तलखान्यात कामाला आहे हे आधी सांगा, नाहीतर त्याला क्यू फिव्हरची टेस्ट सुचणारच नाही. आणि पॅसिफिक बेटांवर लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप खराब झालेले लोक बरेच आहेत, अशा झडपेवर हा जंतू ठाण मांडून बसतो, म्हणून तो जुना आजारही लपवू नका प्लीज!

क्यू फिव्हरच्या लशीचा डोस एकच असतो, पण "डायरेक्ट टोचून टाका" म्हणू नका. आधी रक्ताची आणि त्वचेची टेस्ट लागते, त्वचेची 7 दिवसांनी बघतात. ज्याला आधी लागण होऊन गेलीये त्याला लस दिली तर जबर रिअ‍ॅक्शन येऊ शकते. लस घेतल्यावरही पहिले 15 दिवस जपायचं.

दुसरं, बोथट सुरी. बोथट सुरीला जोर जास्त लागतो, थंड रूममध्ये बोटं आधीच आखडलेली, मग रात्री हाताला मुंग्या येतात, पकड जाते. मुंग्या सुरू झाल्या की तेव्हाच सांगा.

दुखापत त्याच दिवशी लेखी कळवा, फोनमध्ये कॉपी ठेवा. वर्कर्स कॉम्पेन्सेशन (कामावरच्या दुखापतीची भरपाई) व्हिसावाल्यांनाही मिळतं, आणि क्लेम केला म्हणून कामावरून काढणं बेकायदा आहे. डॉक्टरकडे "हे कामावर झालं" असं स्पष्ट बोला आणि सर्टिफिकेट घ्या. दुभाषी म्हणून सुपरवायझरला आत नेऊ नका, त्याच्यासमोर कोण खरं बोलेल? दवाखान्यालाच दुभाषी मागा.