टॅमरॅक पिवळे झाले की: उत्तर विस्कॉन्सिनच्या घरी या चुका टाळा

ऑक्टोबरच्या मध्याला मेपलची पानं झडून गेलेली असतात आणि दलदलीच्या कडेचे टॅमरॅक पिवळेधमक होतात. सूचिपर्णी असूनही हे झाड दर शरदात सुया गाळतं. त्या सुया गळून पडायच्या आत माझी बाहेरची कामं संपलेली असतात, कारण नंतर जमीन गोठते आणि काहीच करता येत नाही. कोकणात माझी आई मे महिन्यात आगोटीच्या मागे लागायची. सरपण पडवीत, शेणी माळ्यावर, कौलं फेरून घेतलेली. राइनलँडर गावाच्या उत्तरेला मी तेच सप्टेंबर-ऑक्टोबरात करते, फक्त इथे पावसाऐवजी उणे तीस अंशांची तयारी करायची असते.

दरवर्षी मॅडिसन, शिकागोकडची आपली मंडळी इकडे तळ्याकाठी घर घेतात. फार आनंद होतो. पण दरवर्षी त्याच चुका बघून जीव तुटतो, म्हणून हे लिहिते आहे.

नळाला लावलेला पाइप तसाच ठेवणे

घराबाहेरच्या भिंतीवर बागेचा नळ असतो. ‘हा गोठत नाही’ असं सांगून तो बसवलेला असतो आणि लोक निर्धास्त होतात. तो का गोठत नाही, हे समजून घ्या. आपण फिरवतो ती मूठ बाहेर असते, पण पाणी अडवणारी झडप वीत-दीड वीत आत, घराच्या उबेत असते. नळ बंद केला की मधल्या नळीतलं पाणी उतारानं बाहेर निथळून जातं आणि गोठायला पाणीच उरत नाही. रबरी पाइप लावलेला राहिला, तर ते पाणी निथळत नाही. थंडीत त्याचा बर्फ होतो, फुगतो आणि तांब्याची नळी चिरतो.

आमच्या पहिल्या वर्षी मी हेच केलं. ऑक्टोबर संपताना पन्हळी धुतल्या, पाइप गुंडाळून भिंतीवरच्या आकड्याला अडकवला, पण त्याचं टोक नळालाच राहिलं. पूर्ण हिवाळ्यात काहीही झालं नाही. फुटलेली जागा झडपेच्या बाहेरच्या बाजूला असते, त्यामुळे नळ बंद असेपर्यंत एक थेंबही गळत नाही. मे महिन्यात होडी धुवायला नळ सोडला. धार बारीक वाटली, पण मी धूत राहिले. तासाभराने तळघरात गेले तर छताचं प्लास्टर फुगून खाली आलं होतं आणि माझी पुस्तकांची खोकी पाण्यात होती. आजीच्या हाताच्या ओव्यांची वही त्यातच होती. भिंत फोडून नळी काढली, तेव्हा तिला बोटभर लांबीची चीर होती.

आता रात्री पहिल्यांदा दव गोठलं की, म्हणजे सप्टेंबरातच, पाइप सोडवून शेडमध्ये ठेवते. पुन्हा लागला तर पुन्हा जोडते आणि त्याच संध्याकाळी काढते. वसंतात नळ पहिल्यांदा सोडताना तोंडावर अंगठा दाबून धरते. अंगठ्याने पाणी सहज थांबलं, तर जोर दुसरीकडे निघून जातो आहे, म्हणजे नळी आत फुटली आहे. लगेच बंद करायचं.

ओलं लाकूड जाळणे

या चुकीवर मी सर्वांत जास्त वाद घातले आहेत. सप्टेंबरात कुणीतरी ‘सुकलेलं ओक’ म्हणून ट्रकभर लाकूड आणून टाकतो, आणि घेणारा विश्वास ठेवतो. ताज्या तोडलेल्या ओकमध्ये कोरड्या वजनाच्या निम्म्याहून जास्त पाणी असतं. फोडून, वाऱ्यावर रचून ठेवलं तरी त्याला दोन उन्हाळे लागतात. त्याला घाई चालत नाही. ओलं लाकूड पेटतं, पण उष्णता पाणी उकळण्यात जाते, धूर गार राहतो आणि धुराड्याच्या आतल्या बाजूला डांबरासारखा क्रिओसोट बसतो. त्यात रात्रभर निखारे टिकावेत म्हणून हवेची झडप पूर्ण बंद केली, की तो थर आणखी जाड होतो.

आमच्या रस्त्यावरच्या एका तरुण जोडप्याचं हेच झालं. जानेवारीतली रात्र, बाहेर उणे पंचवीस. धुराड्यातून विमान उडाल्यासारखा घरघराट सुरू झाला आणि टोपीतून ज्वाळा दिसू लागल्या. त्यांनी स्टोव्हची हवा बंद केली, मुलीला ब्लँकेटमध्ये गुंडाळून बाहेर आणलं आणि ९११ला फोन केला. घर वाचलं, पण धुराडं आतून तडकलं आणि उरलेला हिवाळा स्टोव्हविना गेला. मी त्यांच्या लाकडाचा एक तुकडा फोडून मोजला होता, ३४ टक्के ओलावा.

ओलावा मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, ते घ्याच. मात्र ते बाहेरच्या बाजूला टोचून उपयोग नाही. ओंडका मधोमध फोडा आणि ताज्या पृष्ठभागावर टोचा. २० टक्क्यांच्या खाली असेल तरच जाळा. यंदा लाकूड उशिरा घेतलं असेल तर ओक पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या वर्षासाठी ठेवा आणि आत्ता जाळायला पॉपल, म्हणजे अ‍ॅस्पेनचं लाकूड, शोधा. उष्णता कमी, पण एका उन्हाळ्यात सुकतं. बर्चचे ओंडके न फोडता ठेवू नका, त्याची साल पाणी बाहेर सोडत नाही आणि लाकूड आतल्या आत कुजतं. ढिगावर फक्त वरून पत्रा टाका. ताडपत्रीत चहूबाजूंनी गुंडाळणाऱ्यांना मी दरवर्षी हात जोडून सांगते, वारा लागू द्या.

विकत घेताना माप विचारा. पूर्ण कॉर्ड म्हणजे ४ बाय ४ बाय ८ फूट, १२८ घनफूट. १६ इंची ओंडक्यांचा ‘फेस कॉर्ड’ त्याचा तिसरा हिस्सा. दोघांचे भाव एकच समजून बरेच फसतात. आणि शिकागोहून गाडीतून लाकूड आणू नका. अ‍ॅश झाडं मारणारा पाचूरंगी भुंगेरा असाच गावोगाव पसरला. दहा मैलांच्या आतलं घ्या.

धुराडं मी सप्टेंबरात झाडते. मग जानेवारीत पक्षी बघायच्या दुर्बिणीने अंगणातूनच टोपीची जाळी तपासते. बर्फाच्या छपरावर चढायचं धाडस कुणी करू नये.

राखेसाठी झाकणाची लोखंडी बादलीच वापरा, आणि ती दगडावर ठेवा, लाकडी डेकवर नाही. निखारे राखेखाली तीन-चार दिवस जिवंत राहतात.

उंदीर ६ मिलिमीटरच्या फटीतून आत येतो. नुसता फोम तो कुरतडतो, आधी तांब्याची जाळी कोंबा.

खिडक्यांच्या फटी भरायचं काम थंडीपर्यंत लांबवू नका. पारा ५ अंशांखाली गेला की बहुतेक लेप नीट धरत नाहीत.

बंद ठेवायच्या घराच्या सांडपाण्याच्या वळणांत गुलाबी, प्रॉपिलीन ग्लायकॉलचं द्रव्य ओता. गाडीचं हिरवं विषारी असतं.

सेप्टिक टाकीचं पाणी जमिनीत मुरतं त्या जागेवरचं गवत शेवटी कापू नका आणि तिथून गाडी नेऊ नका. दाबलेला बर्फ थंडी खाली ढकलतो, मोकळा बर्फ गोधडीसारखा असतो.

बर्फ काढायचं यंत्र ऑक्टोबरात सुरू करून बघा. पहिल्या बर्फाच्या सकाळी दुरुस्तीवाल्याकडे आठवड्यांची रांग असते. रस्त्याकडेच्या खुणेच्या काठ्या जमीन गोठण्याआधी ठोका.

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरणांची शिकार सुरू होते, नऊ दिवस. तेवढे दिवस मागच्या रानात मी लाकूड तोडत नाही. टपालपेटीपर्यंत जातानाही भगवं जाकीट असतं, कुत्र्याच्या गळ्यातही भगवा पट्टा. त्या आठवड्यात आतली कामं काढते: घर तापवणाऱ्या भट्टीची गाळणी, कार्बन मोनॉक्साइडच्या घंटांच्या बॅटऱ्या, आणि तळघरात त्या नळाच्या नळीजवळ एकदा हात लावून बघणं.